हळद्याचा आकडा

त्याला सगळे हळद्या म्हणत. खरं नाव होतं, पण ते फक्त हजेरीला पुकारलं जाई, आणि पुष्कळदा त्याला स्वतःलाच ओ द्यायला उशीर व्हायचा. कावीळ झालेल्याला जग पिवळं दिसतं म्हणतात. याचं उलटंच होतं. याला जग जसंच्या तसं दिसे. जगाला मात्र हा अधूनमधून पिवळा दिसे. झोप नीट झाली नाही, ताप आला, जेवणाची वेळ टळली, की डोळ्यांच्या पांढऱ्यात पिवळसर झाक उतरायची आणि दोन-तीन दिवसांत आपली आपण निघून जायची. शाळेत कुणीतरी हे नाव ठेवलं आणि पन्नाशीपर्यंत ते त्याच्यासोबत चालत आलं. त्याने कधी वाईट वाटून घेतलं नाही. वडिलांचे डोळेही असेच होते.

हळद्या एका मोठ्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात पाव भाजायचा. भट्टीची खोली मागच्या बाजूला, अंगणाकडे उघडणारी. उजाडायच्या आत येऊन तो आदल्या दिवशी भिजवलेल्या पिठावरचं ओलं फडकं उचलायचा आणि आधी नुसता वास घ्यायचा. आंबट-गोड, किंचित दारूसारखा वास आला की मान हलवायचा. पिठाला घाई केली की पीठ सूड घेतं, असं तो म्हणे. सांगितलं असेल त्याहून थोडं जास्तच थांबावं. पाव तेवढा हलका होतो. याच एका समजुतीवर त्याने सगळं आयुष्य काढलं होतं आणि तोवर ती त्याला कधी नडली नव्हती.

मग दुसऱ्या एका वसतिगृहात काविळीची साथ आली. मुलं आजारी पडली, आणि इथल्या व्यवस्थापकबाईंनी फर्मान काढलं की अन्नाला हात लावणाऱ्या प्रत्येकाने रक्त तपासून यायचं. बाई नवीन होत्या, कडक होत्या, पण उगाच कुणाच्या वाटेला जाणाऱ्या नव्हत्या. त्यांनी सगळ्यांना उभं करून सांगितलं, "रात्री नेहमीसारखं जेवा. त्यानंतर काही खायचं नाही. सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायचं."

हळद्याने दुपारपासूनच ताट बाजूला सारलं.

"अहो, रात्री जेवायला सांगितलंय ना?" बायको म्हणाली.

"पोट जितकं निवांत, तितकं रक्त नितळ. पिठाचंही तसंच असतं."

"मग आठवडाभर आधीपासून बसायचं होतंत. रक्ताचं पाणीच झालं असतं, तपासायला काही उरलंच नसतं."

तो हसला, पण जेवला नाही.

अहवालाच्या कागदावर आकड्यांची उभी रांग होती आणि प्रत्येक आकड्यासमोर तो किती ते किती असावा हे छापलेलं होतं. सगळे आकडे आपापल्या हद्दीत शहाण्यासारखे बसले होते. एकच उठून उभा होता. बिलिरुबिन, दोन पूर्णांक सहा. असायला हवं एक पूर्णांक दोनपर्यंत. तो आकडा ठळक छापला होता आणि शेजारी वर बोट दाखवावं तसा बाण.

"ही कावीळ आहे," व्यवस्थापकबाई म्हणाल्या. "तुमचं मन दुखवायचं नाही मला. पण हे असताना पिठात हात घालू देता येणार नाही. पुन्हा तपासून घ्या. तोवर फाटकावर बसा."

फाटकावरची खुर्ची उन्हात होती. मागे भट्टीत त्याच्या जागी भांडी घासणारा गडी पाव भाजत होता. मुलं जेवून बाहेर पडताना बोलायची ते हळद्याच्या कानावर यायचं. एक मुलगा म्हणाला, "आज पाव खाल्ला नाही, चावला." हळद्याला बरं वाटलं आणि बरं वाटल्याची लाजही वाटली.

दुसऱ्या तपासणीला त्याने कंबर कसली. आदल्या दिवशी सकाळपासून पाण्याशिवाय काही घेतलं नाही, चहासुद्धा नाही. पहाटे बस सोडून प्रयोगशाळेपर्यंत चालत गेला. अंगातलं जे काही वाईट असेल ते घामावाटे तरी निघून जावं. बायको मागून म्हणाली, "तुमच्यापुढे शहाणपणाने हात टेकलेत."

या वेळी आकडा आला तीन पूर्णांक चार.

व्यवस्थापकबाईंनी कागद दोनदा वाचला. "वसतिगृहाच्या समितीने पुढच्या महिन्यापासून पाव बाहेरून मागवायचं जवळजवळ ठरवलंय," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "एकदा ठरलं की भट्टी बंद होईल. नुसते कागद गोळा करू नका. डॉक्टरांना दाखवा. त्यांनी लिहून दिलं तर मी समितीशी बोलेन."

त्या संध्याकाळी तो आरशासमोर उभा राहिला आणि बोटाने खालची पापणी ओढून बघितली. डोळे खरंच पिवळे होते. भट्टी गेली तर आपण काय, हे त्याला नीट सांगता आलं नसतं. पण पहाटे जाग आल्यावर पाय कुठे वळवायचे हे त्याला ठाऊक होतं, आणि ते ठाऊक असणं आता जाणार होतं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. मोठ्या सरकारी दवाखान्यातली त्यांची खोली लहान होती. खिडकीत एक रोप, भिंतीला टेकून वजनाचा काटा. त्यांनी दोन्ही अहवाल शेजारी शेजारी ठेवले आणि कागदांकडे थोडा वेळ आणि हळद्याकडे बराच वेळ बघितलं. खाज सुटते का, लघवी गडद होते का, दारू घेता का, कुठल्या गोळ्या चालू आहेत का, थकवा येतो का. सगळ्याला तो नाही म्हणाला. त्यांनी त्याला आडवं करून पोट दाबून पाहिलं.

"रक्त द्यायच्या आदल्या रात्री काय जेवलात?"

"काहीच नाही," तो अभिमानाने म्हणाला. "दुपारपासूनच बंद केलं होतं."

"आणि दुसऱ्या वेळी?"

"त्याच्याही आधीपासून. सकाळपासून."

"आणि मैलभर चालत गेले," सोबत आलेल्या बायकोने भर घातली. "मी सांगत होते. पण माझं ऐकतंय कोण? पीठ ऐकतं म्हणे यांचं."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "हे बघा. रक्तातल्या लाल पेशी जुन्या होतात, मोडतात. त्यातून हा पिवळा रंग निघतो, तेच बिलिरुबिन. यकृत तो गोळा करून बाहेर टाकतं. सगळ्यांचंच टाकतं. काहींचं मात्र जरा सावकाश टाकतं, आणि पोट रिकामं असलं की आणखीच सावकाश. तुमचं तसं असावं असं मला वाटतंय. अजून खात्री नाही. पण तसं असेल, तर तुम्ही जितका कडक उपास केलात तितका आकडा चढला."

हळद्याने दोन्ही अहवाल जवळ ओढले. "म्हणजे मीच चढवला?"

"बहुतेक. उद्या सकाळी पोटभर न्याहारी करून या."

"खाऊन? रक्त गढूळ नाही व्हायचं?"

"साखर बघायची असते तेव्हा उपास लागतो. इथे तुमचा उपासच आड येतोय."

त्याने ठळक आकड्यावर बोट ठेवलं. "पण जेवून आलो तर हा रेषेच्या आत येईल ना?"

"कदाचित नाही येणार." त्यांनी खुर्ची जवळ ओढली. "ही रेषा कशी आखतात माहीत आहे? पुष्कळ निरोगी माणसांचं रक्त तपासतात. त्यातल्या बहुतेकांचे आकडे जेवढ्यात पडतात, तेवढ्याला म्हणायचं नॉर्मल. शंभरातली पाचएक माणसं धडधाकट असूनही बाहेर पडतात."

"मग रेषा हवी कशाला?"

"ती नसती तर मी तुमच्याकडे आज बघितलंच नसतं. आकडा बाहेर पडला की थांबून विचारायचं, का बरं? मग बाकीचे आकडे बघायचे, माणूस बघायचा. एकट्या आकड्याच्या बोलण्यावर जायचं नाही."

हळद्याने आकड्यावरचं बोट उचललं. मग म्हणाला, "एका घाण्यातले सगळे पाव सारखे फुगत नाहीत. एखादा बाजूच्यापेक्षा उंच होतो. पण कापून बघितल्याशिवाय मी त्याला वाईट म्हणत नाही."

"झालं तर मग. आपणही कापून बघू," त्या म्हणाल्या, आणि आणखी काही तपासण्या लिहून दिल्या.

दुसऱ्या दिवशी बायकोने त्याला समोर बसवून खाऊ घातलं. दोन अंडी, भात, वर दूध. तो परीक्षेला निघालेल्या मुलासारखा मान खाली घालून जेवला.

अहवाल आले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी ते त्याच्या बाजूला वळवून एकेक ओळ दाखवली. काविळीचे जंतू नाहीत. यकृताला इजा झाली की जे आकडे वाढतात, ते अगदी मधोमध. रक्त नेहमीपेक्षा जास्त मोडत नाहीये. आणि बिलिरुबिन एक पूर्णांक आठ, त्यातलं जवळजवळ सगळं यकृताने उचलायचं राहिलेलं. "यकृत तुमचं चांगलं आहे. या एका कामात निवांत आहे, इतकंच. जन्मापासूनच असतं हे. आयुष्य घटत नाही, कुणाला लागत नाही, औषध लागत नाही. कुठल्या डॉक्टरकडे गेलात तर तेवढं सांगत जा, काही औषधं देताना उपयोगी पडतं. घरात आणखी कुणाचे डोळे असे होते?"

"वडिलांचे," तो म्हणाला.

घरी आई खिडकीशी लसूण सोलत बसली होती. त्याने तिला सगळं सांगितलं. वडिलांना कुठल्याशा वैद्याने कावीळ म्हटलं होतं आणि तिने त्यांना वर्षानुवर्षं बिनमिठाचं, बिनतेलाचं जेवू घातलं होतं. म्हातारपणी ते गेले ते न्यूमोनियाने.

आईचे हात थांबले. "म्हणजे त्यांना काहीच नव्हतं?"

"तसं दिसतंय."

"लोणचं म्हणजे जीव की प्राण होतं त्यांचं," ती म्हणाली. "मी बरणी पार वरच्या फळीवर ठेवायचे. हात पोचू नये म्हणून."

"आई, ते मला उचलून धरायचे. मी काढून द्यायचो."

तिने वळून त्याच्याकडे पाहिलं. मग ओठ घट्ट मिटून हसू आवरायचा प्रयत्न केला, पण ते आवरेना. "लबाड," ती पदराने डोळे टिपत म्हणाली. "दोघेही लबाड. आणि मी आपली म्हणायचे, लोणचं उंदीर खातात."

दुसऱ्या दिवशी व्यवस्थापकबाईंनी अहवाल हातात घेतला आणि त्यांची नजर जिथे जायची तिथेच गेली. "हा अजून ठळकच आहे."

"हो बाई. ठळकच राहणार, असं म्हणाल्यात. माझं नॉर्मल तिथेच आहे." हे वाक्य तो वाटेत मनात घोळवत आला होता.

त्यांनी सोबतचं पत्र वाचलं. मग त्याला बसायला सांगून डॉक्टरीणबाईंना फोन लावला. "मुलांना लागण्यासारखं काही? ... अजिबात नाही? ... आणि पुढच्या वर्षीही वाढलेलाच दिसेल? ... बरं, तेवढंही लिहून पाठवा. समितीत मला प्रत्येक जण हेच विचारणार." बोलता बोलता त्यांनी अहवालाच्या समासात पेन्सिलीने काहीतरी टिपलं. हळद्या आपल्या पंज्यांकडे बघत बसला होता. कितीतरी दिवस पीठ न लागल्यामुळे नखं अनोळखी, स्वच्छ दिसत होती.

फोन ठेवून त्या म्हणाल्या, "समितीचं माझ्याकडे लागलं. पहाटे या. येताना खाऊन या, ही माझी अट समजा."

समितीने दोन-चार प्रश्न विचारले आणि बाहेरून पाव मागवायचा विषय बाजूला पडला. पण ते नंतर. त्या पहिल्या पहाटे हळद्या आला तेव्हा भाजी चिरणारी आक्का आधीच दिवा लावून बसली होती. वयाने मोठी, सगळ्यांना अरे-तुरे करणारी. तिने त्याला दारातच थांबवलं, हनुवटी धरून उजेडाकडे वळवली.

"आज डोळे पांढरे आहेत तुझे."

"आज आहेत. परवा नसतीलही."

"नसेनात. पिवळे दिसले की सांगत जा, मी काहीतरी खायला देईन. चल, हात धू. त्या गड्याने पाण्यात नुसतं सिमेंट कालवून ठेवलंय, ते आधी बघ."

त्याने फडकं उचललं, वास घेतला आणि तोंड वाकडं केलं. मग बाह्या सारल्या, थोडं कोमट पाणी मागितलं आणि कोपरापर्यंत पिठात हात घातले.