जिजींची दुसरी हाक

जिजी मला हाक मारायच्या ती दोनदा. पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, हा त्यांचा दंडक. चुलीपासून आवाज यायचा, "गिरणा." मी असेन तिथे हातातलं काम थांबवून गप उभी राहायची. चुलीत लाकूड सारायला लागतो तेवढा वेळ जायचा. मग परत, "गिरणा." तेव्हा मी म्हणायची, "ओ जिजी." घरात कोणी नवखं असलं तर त्याला वाटायचं, सून बहिरी आहे, नाहीतर माजलेली आहे. जिजी त्याला काही सांगत बसायच्या नाहीत. मला मात्र त्यांनी आल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं, "पहिली हाक तिची. दुसरी तुझी."

ती म्हणजे माझ्या नवऱ्याची पहिली बायको. ती बाळंतपणात गेली, लेकरूही गेलं. जळगावला झेंडा लागला, पोरांना साखर वाटली, त्याच पावसाळ्यात. तिचं नाव गिरणा होतं. जिजी तिची सासू, आणि पुढे माझी.

माझं माहेर शिंदखेड्याकडचं. माझं नाव धुरपदा. बापाला पाच पोरी, मी चौथी. नशिराबादजवळच्या गावाहून बिजवराचं स्थळ आलं. घरात दोन वेळचं आहे एवढंच बापाने पाहिलं आणि दिलं. मला चौदावं लागलं होतं.

लग्न लागून सासरी आले. ताटात तांदूळ पसरले, नवरीचं नवं नाव लिहायला. आमचे हे चौथी शिकलेले. अंगठी हातात धरून आईकडे पाहत बसले. जिजी म्हणाल्या, "नाव तेच लिही."

शेजारची सोनाकाकू म्हणाली, "अवं जिजी, मेलेलीचं नाव जितीले?"

जिजी म्हणाल्या, "नाव काढलं तर ती दारात उभी राहील. नाव ठेवलं तर घरात बसेल. दारात उभी राहिलेली मले नको."

यांनी लिहिलं. मला वाचता येत नव्हतं. तांदळात तीन अक्षरं दिसली. धुरपदाची चार झाली असती, हे मला फार वर्षांनी समजलं. मग जिजींनी माझ्या गळ्यात चांदीचा टाक बांधला. नखाएवढा पत्रा, त्याच्यावर बाईची आकृती. सवतीचा टाक. दुसरेपणाची बायको तो घालते, म्हणजे पहिली तिच्या अंगावर राहते, मागे लागत नाही. गार लागला होता तो, तेवढं आठवतं.

चार दिवसांनी मी धीर करून म्हटलं, "जिजी, मनं नाव धुरपदा शे."

त्या हसल्या. त्यांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. "इथी शे नाही चालत. इथी हाये म्हणा लागते." आणि मग हसू पुसून म्हणाल्या, "हाये नको, होतं म्हण."

जिजींची माया अशीच असायची, आधी टोचायची. पण मला पुढे कोणी असं जपलं नाही. सणाला लुगडं आलं की आधी टाकाला लावायचं, मग मी नेसायचं. पहिली भाकर तिच्या नावाने बाजूला काढायची, ती गाईला जायची. दुसरी भाकर मात्र जिजी स्वतः माझ्या ताटात टाकायच्या, यांच्याही आधी. म्हणायच्या, "तिचं तिले दिलं. आता तुझं कोणी मागणार नाही."

हे नाव आलं कुठून, तेही जिजींनीच सांगितलं. तिची माय बैलगाडीतून पारोळ्याहून माहेरी निघाली होती, दिवस भरत आलेले. गिरणेच्या पात्रात गाडीचं चाक वाळूत बसलं. सगळे चाक उपसत होते आणि इकडे गाडीच्या सावलीत पोर झाली. नदीच्याच पाण्याने पहिली आंघोळ घातली. बाप म्हणाला, नदीने दिली, नदीचंच नाव. लग्नात ते नाव बदलणार होते, जिजींनी बदलू दिलं नाही. म्हणे, "इतकं नवं नाव आपल्या घरात आलं, ते कशाले पुसायचं?"

नवं तर होतंच. आमच्या गल्लीत तापीबाई तीन होत्या. तापी सूर्याची लेक, तिची कथा आहे. गंगा, गोदा, यमुना घरोघरी. गिरणा मात्र बाजूच्या गावातही कोणी ऐकली नव्हती. ती मेल्यावर तर कोण ठेवणार. सोनाकाकू पाणवठ्यावर मला ऐकू येईल असं बोलायची, "नदीने दिलेली होती, तीच राहिली नाही. ही तर नुसत्या नावाची."

पहिल्या मतदानाआधी शाळेचे गुरुजी वही घेऊन आले. बायांची नावं लिहायची होती. बाया काही सांगेनात. कोणी म्हणे अमक्याची माय लिहा, कोणी म्हणे तमक्याची बायको लिहा. जिजींनीही तेच म्हटलं. गुरुजी ओट्यावर बसून राहिले. "जिजी, नाव सांगितल्याशिवाय मी उठत नाही. पाणी द्या, आणि नाव द्या."

जिजींनी पाणी दिलं. मग स्वतःचं नाव सांगितलं, आवडाबाई. मी दोन वर्षं त्या घरात होते, तेव्हा कुठे मला कळलं.

"आणि सून?"

"गिरणा."

गुरुजींनी मान वर केली. "अख्खं गाव लिहिलं, असं नाव नाही मिळालं. चांगलं आहे. नदीचं नाव गिरिजेवरून आलं असेल, म्हणजे पार्वती. एकटीच आहे या नावाची."

"दोन हायेत," जिजी म्हणाल्या. "तुम्ही एक लिहा."

गुरुजी हसले. त्यांना वाटलं, म्हातारीला मोजता येत नाही.

मला दिवस गेले तेव्हा जिजींच्या दोन हाकांमधलं अंतर वाढलं. आधी लाकूड सारण्याइतकं होतं, आता भाकर उलटण्याइतकं झालं. मी विचारलं तर म्हणाल्या, "तिचंही पोट याच घरात वाढलं होतं. तिले नीट जाऊ दे."

सातवा महिना होता. मी अंगणात शेंगा फोडत होते, डोळा लागला. जिजींनी हाक मारली आणि मी झोपेतच म्हटलं, "ओ."

पहिलीच हाक होती ती.

जिजी दारात आल्या. माझ्याकडे पाहिलं, माझ्या मागे पाहिलं. टाक दुधाने धुतला, माझ्यावरून मीठ-मोहरी उतरली. अकरा दिवसांनी पोटातलं गेलं. मुलगा होता.

सोनाकाकू म्हणाली, "ओ दिली म्हणे हिने."

जिजी तिला म्हणाल्या, "माझी चूक हाये. ती झोपेल होती, मी पाह्यलं नाही. माझी हाक, माझी चूक." मला त्या दिवसांत त्यांनी बोट लावू दिलं नाही कशाला. अंग शेकलं, डोकं विंचरलं. पण मी पडल्या पडल्या पाहायची, त्या उंबऱ्यात बसून हळू आवाजात तिच्याशी बोलायच्या. "एक नेलं तू. तुझं एक गेलं होतं, एक नेलं. आता झालं. आता नको."

पुढे तीन वर्षं काही नाही. मग परत दिवस राहिले. त्या नऊ महिन्यांत मी झोपेतसुद्धा दातावर दात ठेवून राहायची. सुईण आली तेव्हा जिजींनी माझ्या कानाशी सांगितलं, "आता मी तुले हाकच मारणार नाही. कोणीही हाक मारली तरी ती माझी नाही." दुपार कलताना पोर झाली. रडली. जिजींनी आधी माझ्या नाकाशी हात धरला, मग पोरीकडे वळल्या.

सव्वा महिना झाला तरी पोर पाळण्यात घातली नाही. गल्लीत चर्चा. हे म्हणाले, "आई, नाव तर ठेवू दे." जिजी म्हणाल्या, "नाव ठेवलं की हाक मारा लागते. राहू दे थोडे दिवस बिननावाची. बिननावाचं कोणाले सापडत नाही." पोरीला आम्ही नुसतं बाय म्हणायचो.

कापूस वेचणीचे दिवस होते. हे आणि मजूर शेतात. घरात मी, पोर आणि जिजी. पोर तीन महिन्यांची. मी ओसरीवर तिला पाजत बसले होते. गोठ्यामागे कुडाची खोली होती, तिच्यात कडबा रचलेला. जिजी म्हशीला कडबा काढायला तिकडे गेल्या.

थोड्या वेळाने हाक आली. "गिरणा."

मी गप बसले. पोर चोखत होती. भाकर उलटण्याइतका वेळ गेला. मग तव्यावरची भाकर जळून जाईल इतका वेळ गेला. दुसरी हाक आली नाही.

इतक्या वर्षांत पहिली हाक कधी एकटी आली नव्हती. आवाज जिजींचाच होता, पण मला वाटलं, आता तीच जिजींच्या आवाजात बोलवते. या वेळी पोरीसाठी. मी पोरीला छातीशी धरलं, आत गेले, कडी लावली आणि टाक मुठीत धरून बसले. बाहेर म्हैस ओरडत होती. कडबा मिळाला नव्हता तिला. ते मला ऐकू येत होतं, पण मी उठले नाही.

गुरं परत यायच्या वेळी हे आले. कडी वाजवली. मी म्हटलं, "दोनदा वाजवा." त्यांनी वाजवली. मग म्हणाले, "आई कुठे आहे?"

जिजी कडब्याच्या खोलीत भिंतीला टेकून बसल्या होत्या. हात कोपरापर्यंत काळानिळा. पदराची चिंधी फाडून स्वतःच वर बांधली होती, दातांनी गाठ मारून. जनावर चावलं होतं. आमच्याकडे त्याचं नाव घेत नाहीत, जनावरच म्हणतात. कडब्यात हात घातला, तिथे होतं.

हे गाडी जुंपायला पळाले, जळगावला न्यायला. मी जिजींचं डोकं मांडीवर घेतलं. जीभ जड झाली होती. मी म्हटलं, "जिजी, मी ऐकलं. मी ऐकलं आणि आले नाही."

"बरं केलं," त्या म्हणाल्या.

"दुसरी का नाही मारली?"

त्यांनी खोलीच्या उंबऱ्याकडे पाहिलं. तो उंबरा मला अजून दिसतो. लाकडी, मधे झिजलेला. "तिथी बसलं होतं ते. फणा काढून. तू उन्हातून आली असती, अंधारात दिसलं नसतं. पोर कडेवर." मग बराच वेळ श्वासच घेत राहिल्या. "पहिली तोंडातून निघून गेली. दुसरी मी गिळली."

ते जनावर गेल्यावर तरी हाक मारायची, असं मी म्हणणार होते. पण त्याला जायला किती वेळ लागला असेल, आणि तोवर त्यांच्या आवाजात काही उरलं असेल का, हे मी कशाला विचारू. गाडी दारात लागली तेव्हा त्या गेल्या होत्या. दिवे लागायचे होते अजून.

सोनाकाकू रडली आणि रडताना म्हणाली, "हाक आली होती म्हणे हिले." मी काय सांगणार होते? मला जे करायला शिकवलं तेच मी केलं. त्याने जिजी गेल्या आणि त्यानेच पोर वाचली. आजवर मला याची बेरीज करता आली नाही.

तेराव्यानंतर पोरीला पाळण्यात घातलं. हे म्हणाले, आईचं नाव ठेवू, आवडा. बाया म्हणाल्या, चांगलं नाव आहे. मी आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत बोलले. म्हटलं, "धुरपदा ठेवा. ते नाव मोकळं आहे. त्या नावाची कोणी मेलेली नाही." यांनी माझ्याकडे पाहिलं. माझं ते नाव होतं, हे ते विसरून गेले होते. पोरीला मी कायम एकदाच हाक मारली, आणि ती एका हाकेत धावत यायची. पहिले काही दिवस ती धावत आली की मी तिच्या मागे पाहायची. मग सवय झाली.

मला गिरणा म्हणणारं नंतर कोणी उरलं नाही. हे बायकोचं नाव घेत नसत. पोरांना मी आई, मग आजी. ते नाव जिजींच्या तोंडातच होतं, तिथून ते गेलं. टाक अजून गळ्यात आहे. एका टाकावर आता ती आणि जिजी, दोघी आहेत असं मी धरते. भाकर मात्र तीच पहिली बाजूला काढते, जिजींसाठी दुसरी वेगळी काढत नाही. दुसरी जिजींनी मला दिलेली होती.

हे गेल्यावर शेत माझ्या नावावर करायला कचेरीत गेले. बाकावर बायांची रांग. शिपायाने आतून पुकारलं, "गिरणाबाई." मी बसून राहिले. नातू कोपर मारायला लागला. शिपाई दारात येऊन जोरात म्हणाला, "गिरणाबाई." मग मी उठले.

"काय आजी," तो म्हणाला, "या नावाची अख्ख्या यादीत तुम्ही एकट्या, आणि एका हाकेत ऐकू येत नाही?"

"येतं की ऐकू," मी म्हटलं. "दुसरी येते का ते बघत होते."