दहापैकी सहा

मोना लांजेवार नेमकं काय काम करते, हे भिलाईच्या हुडको कॉलनीतल्या लोकांना कधी धड कळलंच नाही. कोणी म्हणे कॉम्प्युटरवर आहे, कोणी म्हणे घरीच बसून आहे. चौतिशीची बाई दिवसभर पडदे ओढून व्हिडिओ गेम खेळते आणि वर त्याचा पगारही घेते, हे ऐकून समोरच्या शिल्पाताई म्हणाल्या होत्या, "मजा आहे बुवा. आमची लेकरं हेच करतात तर आमी त्याईले बदडतो." मोना हसून सोडून द्यायची. खरं तर खेळणं हे तिचं काम नव्हतंच. खेळून झाल्यावर एक आकडा द्यायचा, हे काम होतं. दिल्लीच्या एका वेबसाइटसाठी ती नवे गेम बाजारात यायच्या आधी खेळायची, हजारभर शब्द लिहायची आणि शेवटी दहापैकी मार्क द्यायची. ते हजार शब्द कोण वाचतं, देव जाणे. लोक थेट तळाला जायचे, आकडा बघायचे आणि शिव्या लिहायचे.

या धंद्यातले मार्क शाळेतल्यासारखे नसतात. दहापैकी सात म्हणजे जेमतेम पास. आठ म्हणजे घ्यायला हरकत नाही, नऊ म्हणजे धावत सुटा. पाचाच्या खाली कोणी उतरतच नाही, तिथे सगळं ओसाड. बहुतेक लिहिणारे सातावर उभे राहतात आणि आवडलं तसे वर चढतात. मोना दहावर उभी राहायची आणि कापत कापत खाली यायची. ही रीत तिची नव्हती, बापाची होती.

हिरालाल लांजेवार भंडाऱ्याकडचं गाव आणि धानाची बांधी सोडून भिलाईला आले आणि कारखान्यात रूळ तपासण्यात त्यांचा जन्म गेला. रूळ समोर आला की तो निर्दोषच आहे असं धरायचं, मग वाकायचं, हात फिरवायचा, दोष सापडला की लिहायचं. रजिस्टरात तीन रकाने: दोष, जागा, निर्णय. रिटायर होताना त्यांनी दहा-बारा कोरी रजिस्टरं घरी आणली होती, आणि मोना त्यातच गेमच्या नोंदी करायची. लॅपटॉप असताना रजिस्टर कशाला, असं कोणी विचारलं तर म्हणायची, "हातानं कापलं का मंग दुखते. दुखलं पायजे."

रजिस्टरांबरोबर बापाचे दोन नियमही घरात आले होते. तपासणीच्या दिवशी कोणाचा चहा प्यायचा नाही. आणि माल आपल्या माणसाचा असला तर दोनदा पाहायचा. दुसऱ्या नियमाची गोष्ट मोनानं लहानपणापासून शंभरदा ऐकली होती. हिरालालचा सख्खा साळा, म्हणजे मोनाचा जानरावमामा, रूळ घडवणाऱ्या पाळीवर होता. एका दिवशी त्याच्या पाळीचे रूळ हिरालालनी नापास केले. मामाचं प्रमोशन गेलं, आणि तेव्हापासून मामा या घराची पायरी चढला नाही. बहिणीच्या, म्हणजे मोनाच्या आईच्या, तेरवीलाही फाटकाबाहेर उभा राहून परत गेला. हिरालाल ही गोष्ट छाती फुगवून सांगायचे. अशा अभिमानाचं काय करावं, मला तरी कळत नाही. पण मोना त्यावरच वाढली होती.

मागच्या गल्लीतला कमलेश तिच्याच वर्गातला. त्याचे वडील बाबुलाल भिलाई-३ च्या यार्डात रेल्वेच्या केबिनमध्ये होते, खटके ओढून डबे आपापल्या लाईनीवर धाडायचे. कमलेश बारावीत असताना ते कॅन्सरनं गेले. पोरगा शिकला, पुण्याला गेला, दहा वर्षं दुसऱ्यांचे गेम बनवले, आणि मग चार मित्रांना घेऊन स्वतःचा बनवला. नाव 'केबिन'. पाच वर्षं लागली त्याला. गेममध्ये तुम्ही केबिनमन. वरच्या उतारावरून मालगाडीचे डबे सुटतात, तुम्ही खटके ओढायचे. पलीकडच्या केबिनमधला एक म्हातारा फोनवरून सांगत राहतो, आता पाच नंबर, आता दोन.

गेम बाहेर यायच्या आठवडाभर आधी तो घेऊन कमलेश मोनाकडे आला. वेबसाइटचा नियम होता की ओळखीच्याचा गेम असला तर तसं सांगायचं आणि दुसऱ्याला द्यायचा. पण मोनाला हेही ठाऊक होतं की पाच जणांनी केलेला असला लहानसा गेम साइटवरचं दुसरं कोणी हातात घेणार नाही, तो तसाच पडून राहील. ती गप्प राहिली. मनाशी म्हणाली, मी करते, पण बाबांसारखं करते. चूक इथूनच सुरू झाली, आणि ती तिला मोठ्या सचोटीची वाटली.

तीन दिवस ती खेळली. तिसऱ्या भागात एकदा गेम अडकला आणि तासाभराचं खेळणं वाया गेलं, एक मार्क कापला. पडद्यावरची अक्षरं मुंगीएवढी, वाचता वाचता डोळे फुटायची वेळ, अजून एक कापला. शेवटच्या भागात धुकं पडतं आणि म्हातारा फोनच उचलत नाही. डबे तर सुटलेले असतात. आता कोणता खटका ओढायचा हे तुमचं तुम्हीच ठरवायचं. मोना तिथे रडली. या कामाच्या बारा वर्षांत गेम खेळताना ती कधी रडली नव्हती. डोळे पुसून तिनं 'निर्णय'च्या रकान्यात आठ लिहिले.

त्याच दुपारी कमलेशची आई गयाबाई डबा घेऊन आली. सांबारवड्या होत्या, कोथिंबिरीच्या, गरम.

"खाय वं, तुह्यासाठीच तळल्या," ती म्हणाली. मोनानं दोन खाल्ल्या. मग गयाबाईनं पदर सावरला आणि हळूच सांगितलं, "सगळ्याइचे नंबर गोळा करून सत्तरच्या वर गेलं तर कंपनीवाले पुढचा खेळ देतीन म्हणते. नाही तर पाचही जणाइले घरी. पाय मोना, तुह्या हातात आहे. त्यानं तुले सांगू नको म्हटलं होतं. पण मायचं मन आहे, राहवते का?"

तर असं होतं. सगळ्या समीक्षकांचे आकडे एका साइटवर जमा होतात, त्यांची शंभरपैकी सरासरी निघते, आणि गेम बाजारात आणणाऱ्या कंपनीनं त्या सरासरीवर पाच माणसांचं पुढचं आयुष्य टांगलं होतं. कमलेशनं यातलं अवाक्षरही काढलं नव्हतं. सांगितलं ते त्याच्या आईनं.

गयाबाई गेली आणि मोनाला बापाचे दोन नियम आठवले. तपासणीचा दिवस, आणि आपण खाल्लं. माल आपल्या माणसाचा, आणि आपण एकदाच पाहिलं. मग तिनं रजिस्टर उघडलं आणि केबिन पुन्हा चालू केला. दुसऱ्यांदा बघताना तिला दिसलं की मधला भाग जरा रेंगाळतो. एक मार्क कापला. मग वाटलं, म्हाताऱ्याचं बोलणं कुठे कुठे तेच ते होतं. अजून एक. आठावर रेघ मारली, बाजूला सहा लिहिले. हात दुखला, आणि दुखलं म्हणून ते खरंच असणार असं तिला वाटलं. मंगळवारी संध्याकाळी साडेसहाला तिचं परीक्षण लागलं.

नऊ जणांनी 'केबिन'ला मार्क दिले. सरासरी आली एकोणसत्तर.

हिशेब करायला मोनाला मिनिटही लागलं नाही. तिनं सात दिले असते तरी सत्तर पार झाले असते. आठ दिले असते, म्हणजे जे खरे होते तेच दिले असते, तर एकाहत्तर. ती स्क्रीनकडे बघत बसली. मग स्वतःला समजावलं की बाकीच्या आठांनी काय दिले त्याला मी काय करू, माझं काम मी केलं. माणूस स्वतःला काय वाट्टेल ते समजावतो.

दोन महिन्यांत पुण्याची टीम मोडली. फेब्रुवारीत कमलेश घरी आला आणि दुसऱ्याच दिवशी मोनाकडे. तो भांडला असता तर बरं झालं असतं. तो खुर्चीवर बसला, पाणी प्यायला आणि सरळ म्हणाला, "तुह्यावर राग नाही मले. उलट बरं केलं तू."

मोनानं विचारलं, "म्हणजे?"

"बाकीच्याइनं सात-सात दिले ना, वो सब ऐसेही है. छोटी टीम आहे, इंडियन आहे, दे देव, असं. तुले मी शाळेपासून ओळखतो. तू खोटं नाही बोलत. तुह्ये सहाच खरे." मग तो म्हणाला, "दुसरा गेम अर्धा झाला होता. मायवर होता. आता वाटते, आपल्यात ते नाहीच आहे. पाहू."

तेव्हा सांगायचं होतं. वाक्य ओठांवर आलं होतं. पण बारा वर्षांची सचोटीची कमाई त्या एका वाक्यात जाणार होती, आणि मोना भ्याली. तिनं चहा विचारला. तो नको म्हणाला आणि गेला.

महिनाभर ती जेवली तरी तिला अन्न गोड लागलं नाही. नवा गेम आला की रजिस्टर उघडायची आणि मागच्या पानावरची ती रेघ दिसायची. शेवटी एका सकाळी हिरालाल अंगणात पेपर वाचत होते, तर ती समोर जाऊन उभी राहिली.

"बाबा, जानरावमामाच्या रुळाले खरंच दोष होता?"

हिरालालनी पेपर खाली घेतला. ही गोष्ट सगळे ऐकायचे, पण असा प्रश्न आजवर कोणी विचारला नव्हता. त्यांनी पेपरची घडी घातली.

"पयल्यांदा पाह्यलं तेव्हा नाही दिसला," ते म्हणाले.

"मंग?"

"दुसऱ्यांदा दिसला." चष्मा काढून त्यांनी मांडीवर ठेवला. "दुसऱ्यांदा पाह्यलं का दिसतेच बाई. सोन्याच्या रुळातही दिसन."

"मंग नापास कावून केला?"

"लोक म्हणतीन, साळ्याचा माल पास केला." म्हाताऱ्याचा आवाज एवढा बारीक झाला की मोनाला पुढे वाकावं लागलं. "आता तुही माय नाही. जानराव बी बोलत नाही. कोणाले सांगू?"

मोना आत गेली, रजिस्टर काखेत मारलं आणि मागच्या गल्लीत गेली. कमलेश अंगणात मोटारसायकलला किक मारत होता. अहिवाऱ्याकडे चुनखडीच्या एका खाणीत, ठेकेदाराकडे, त्याला काम लागलं होतं. ट्रकांच्या वजनकाट्यावर, केबिनमध्ये बसायचं आणि आकडे लिहायचे. तिला बघून त्यानं गाडी स्टँडवर लावली.

"कमलेश, तुह्या गेमले सहा नव्हते. आठ होते."

तो हसला. चांगला, मायेनं हसला. "राहू दे मोना. आता मी घरी वापस आलो म्हणून तुले वाईट वाटून राहिलं. आपलं माणूस आहे म्हणून बोलून राहिली तू."

"तसं नाही."

"तसंच आहे. तू पयल्यांदा खोटं बोलून राहिली, आणि तुले जमत नाही ते."

तेव्हा मोनानं रजिस्टर उघडून त्याच्या हातात दिलं. त्यानं वाचलं. दोष, जागा, निर्णय. त्या अख्ख्या रजिस्टरात खोडलेला आकडा एकच होता, त्याचाच. शेवटच्या भागाच्या नोंदीपुढे मोनाच्या अक्षरात लिहिलेलं होतं, 'इथे रडू आलं.' आणि खाली आठ, त्यावर रेघ, बाजूला सहा. कमलेशचं हसू हळूहळू मावळलं. त्यानं पान मागं उलटलं, पुढं उलटलं, परत त्याच पानावर आला.

"खोडला कावून?"

"तू आपला होता म्हणून."

"परक्याचा असता तर?"

"आठच राहिले असते."

गयाबाई दारात येऊन उभी होती, तिच्या हातात त्याचा डबा. तिला यातलं काही कळलं की नाही, कोण जाणे. मोनानं घाईघाईनं विचारलं, "दुसरा गेम? मायवरचा?"

"मागच्या हप्त्यात पुसला," कमलेश म्हणाला. "लॅपटॉप विकाले दिला ना, तेव्हा. सगळं साफ करूनच देते माणूस."

त्यानं रजिस्टर मिटून तिच्या हातात ठेवलं. आईकडून डबा घेतला, हँडलला अडकवला, हेल्मेट घातलं. किक मारायच्या आधी तो थांबला. त्याच्या आवाजात राग नव्हता.

"सत्तर मागितले होते कंपनीवाल्याइनं," तो म्हणाला. "तुह्या दाराशी आलो नसतो तर भेटले असते."

गाडी गल्लीच्या टोकाला वळली. गयाबाईनं मोनाला विचारलं, चहा टाकू का म्हणून. मोना हो म्हणाली आणि आत जाऊन बसली.