राजवाड्यामागच्या गल्लीतली परदेशी बाई

लीला गेल्याचे अक्काने फोनवर सांगितले तेव्हा मी तिरुचीला आमच्या वर्तमानपत्राच्या कचेरीत होतो. "लीलू गेली रे," एवढेच ती म्हणाली आणि मग बराच वेळ फोनवर तिच्या घरातला पंखा ऐकू येत राहिला... दुसऱ्या दिवशी तंजावूरच्या एका तमिळ दैनिकात आतल्या पानावर चार ओळी होत्या. कुंभकोणम रस्त्यावरच्या खासगी शाळेतील परदेशी शिक्षिकेचे अल्प आजाराने निधन झाले, परदेशी असूनही त्या विद्यार्थ्यांत मिसळून गेल्या होत्या, त्यांच्या जाण्याने शाळेने आपली एकमेव परदेशी शिक्षिका गमावली. नाव शेवटी होते आणि तेही चुकले होते. बातमी लिहिणाऱ्याचा दोष नाही. शाळेने जे दिले ते त्याने छापले, आणि शाळेने लीलाला चार वर्षे याच एका शब्दासाठी ठेवून घेतले होते.

लीला मॉरिशसची. तिच्या खापरपणजोबांना रत्नागिरीकडून उसाच्या मळ्यावर नेले होते. घरात क्रिओल, शाळेत फ्रेंच, आणि आठवड्यातून काही तास मराठी, कारण तिकडच्या शाळांत मराठी हा विषय घेता येतो. तंजावूरला ती फ्रेंच शिकवायला आली. मुलाखत एका एजन्सीने फोनवर घेतली होती, त्यामुळे शाळेच्या करस्पाँडंटनी, म्हणजे आपण ज्यांना संस्थाचालक म्हणू त्यांनी, तिला आधी पाहिले नव्हते. ते हार घेऊन स्टेशनावर आले आणि शेजारच्या डब्यातून उतरणाऱ्या एका गोऱ्या पर्यटक बाईकडे चालत गेले. बाई हार बघून घाबरली. लीला हे फार रंगवून सांगत असे. "मी पुढे झाले आणि इंग्रजीत म्हणाले, सर, हार माझा आहे. त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, जणू मी हमाल आहे आणि जास्त मागते आहे."

हार तिला मिळाला, पण करस्पाँडंटांची अडचण खरी होती. पालकांना परदेशी शिक्षिकेचे वचन दिलेले, फलकावर 'मादाम लीला' असे नाव रंगवलेले, आणि समोर उभी असलेली बाई जवळच्या पापनाशम गावच्या बसमधून उतरावी तशी दिसणारी. त्यांनी मार्ग काढला. शाळेत स्कर्ट आणि कोट. कुंकू नाही, गजरा नाही. तमिळ कळले तरी कळल्याचे दाखवायचे नाही. प्रवेशाच्या दिवसांत, म्हणजे ऐन मे महिन्यात, पालक येतील तेव्हा कोट घालून दर्शनी व्हरांड्यात बसायचे. "मॅडम, तुम्ही उत्तम शिकवता," ते तिला एकदा म्हणाले, "फक्त थोडं लांबून आल्यासारखं दिसा." ती दिसत राहिली. तिचा व्हिसा त्या शाळेच्या नावाने होता. शाळा सुटली की देश सुटणार होता.

अक्का तिला भाजीबाजारात भेटली. अक्का म्हणजे तुळसाबाई, टपाल खात्यातून निवृत्त झालेल्या, राजवाड्यामागच्या गल्लीत पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या घरातल्या. सगळी गल्ली त्यांना अक्काच म्हणते. त्यांच्या घरी पुढच्या खोलीत मी काही वर्षे भाड्याने राहिलो, म्हणून हे सगळे मला पाहता आले. भाजीवाल्याशी तमिळमध्ये भांडता भांडता अक्काने चेन्नईच्या मुलाचा फोन घेतला आणि ती मराठीत बोलू लागली. मागे उभ्या असलेल्या कोटातल्या बाईने फोन संपेपर्यंत वाट पाहिली आणि विचारले, "क्षमा करा, आपण मराठी भाषा बोलता काय?"

"मग काय घोड्याची बोलतों?" अक्का म्हणाली. "तूं कोण गे? पुस्तकांतून उतरून आल्यासारखी बोलतीस!"

आठवड्याभरात लीला माडीवरच्या खोलीत राहायला आली. अक्काची मराठी तीनशे वर्षांपूर्वी निघालेली आणि वाटेत तमिळमध्ये भिजलेली. लीलाची मराठी पाठ्यपुस्तकातली. दोघींना एकमेकींचे निम्मे कळे आणि उरलेल्या निम्म्यावर दोघी हसत. संध्याकाळी शाळेची बस गल्लीच्या तोंडाशी थांबे, लीला कोट हातावर घेऊन माडीवर जाई आणि थोड्या वेळाने सुती साडी नेसून खाली येई. "आली आमची पोर," अक्का म्हणे. जणू मघाशी वर गेली ती कोणी दुसरीच.

अक्काच्या देवघरात एक पोथी होती. सासऱ्यांच्या हयातीपासून तिला रोज हळदकुंकू लागत होते, पण वाचणारे घरात कोणी उरले नव्हते. देवनागरी अक्कालाही येत नव्हती, कारण शाळा तमिळमध्ये झालेली. लीलाने पोथी उघडली आणि बोट ठेवून, वर्गात वाचावे तसे वाचायला सुरुवात केली. तिला शब्दांचे अर्थ लागत नव्हते, अक्काला अक्षरे लागत नव्हती. अक्का डोळे मिटून ऐकायची आणि मधेच म्हणायची, "थांब, हें मज ठावें आहे," आणि अर्थ सांगायची. अर्धे बरोबर असेल, अर्धे अक्काचे. पण त्या घरात पोथी पुन्हा ऐकू येऊ लागली... लीलाने मला तेव्हाच सांगितले होते, "मला इथेच राहायचे आहे." मॉरिशसमध्ये आईच्या पश्चात घर बंद झाले होते, भाऊ फ्रान्समध्ये स्थायिक होता. भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारे कार्ड हाती आले, की शाळा सोडून माडीवर राहता येईल, गल्लीतल्या मुलांना देवनागरी शिकवता येईल, असा तिचा हिशेब होता. अर्ज केला होता. खापरपणजोबांचे नाव तिकडच्या दप्तरात एक आणि कुटुंबात दुसरे, तिथे तो अडला होता.

तंजावूरची मराठी घरेही नवरात्रात कोलू मांडतात. पायऱ्या रचून त्यांवर बाहुल्या बसवायच्या, संध्याकाळी बायकांना बोलवायचे, आणि येणाऱ्या प्रत्येकीने बाहुल्यांसमोर एक गाणे म्हणायचे. गाणे येत नाही ही सबब तिथे चालत नाही. दोन वर्षांपूर्वीच्या नवरात्रात अक्काने लीलाला समोर बसवले. गजरा माळलेला, हिरवी साडी. लीलाने मॉरिशसला गणपतीत म्हणतात ती जाखडी म्हटली, टाळ्या वाजवत, जोरात. आजीकडून शिकलेली. बायकांनी ठेका धरला. कोणीतरी फोनवर चित्रफीत घेतली, आणि दुसऱ्या दिवशी ती शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर होती.

पालकांनी लावलेला अर्थ फक्त तंजावूरमध्येच लागू शकतो. त्यांना वाटले, ही बाई मॉरिशसची नाहीच. राजवाड्यामागच्या गल्लीतली कोणीतरी मराठी बाई कोट घालून परदेशी म्हणून बसवली आहे. त्या शहरात मराठी बोलणारी, गजरा माळणारी, कोलूपुढे गाणारी बाई स्थानिकच असते. दुसरी शक्यता त्यांना माहीतच नव्हती. करस्पाँडंटनी बैठक बोलावली. लीलाला पासपोर्ट आणायला सांगितले. पासपोर्ट पहिल्या रांगेपासून हातोहात मागे गेला. लोक फोटो बघत, मग तिच्याकडे बघत. ती व्यासपीठावर उभी होती. एकाने सुचवले, काहीतरी फ्रेंच बोलून दाखवू द्या. तिने बोलून दाखवले. हळूहळू कुजबुज थांबत आली...

तेवढ्यात दारात अक्का उभी राहिली. लीलूवर आळ आलाय, हे तिला शेजारणीकडून कळले होते. ती रेशमी साडी नेसून, लाडवांचा डबा घेऊन बसने आली होती. बातमी म्हणून मी त्या बैठकीला गेलो होतो, त्यामुळे पुढचे ऐकीव नाही. अक्का सभागृहात आली, सगळ्यांकडे वळली आणि खणखणीत तमिळमध्ये म्हणाली, "या पोरीबद्दल कोण काय बोलतंय? ही परकी नाही. ही आमचीच पोर आहे. आमच्या घरातली, आमच्या गल्लीतली, आमची भाषा बोलणारी. मी ग्वाही देते." अक्काच्या जगात यापेक्षा मोठी शिफारस नाही. नोकरी असो, लग्न असो, भाड्याची खोली असो, 'आमची' म्हटले की पुढे प्रश्न उरत नाहीत. म्हणून 'बघा, ही इथलीच' असा जो गदारोळ उठला, त्याचा अर्थ तिला लागला नाही. आपल्या साक्षीने लोक चिडलेत असे न वाटता, लोकांना स्वतःचीच लाज वाटते आहे असे तिला वाटले. लाडवांचा डबा तिने व्यासपीठावर ठेवला आणि लीलाला म्हणाली, "भिऊं नकों. सांगून झालं."

लीलाने खाली वाकून तिच्या पायांना हात लावला. त्याचीही चित्रफीत निघाली.

करस्पाँडंटनी तिला काढले नाही. फ्रेंचला दुसरे कोणी मिळत नव्हते आणि फलक रंगवून झालेला होता. अटी घातल्या. शाळेच्या आवारातल्या खोलीत राहायचे. साडी नेसून बाहेर दिसायचे नाही. राजवाड्याकडच्या त्या घरी जायचे नाही, विशेषतः त्या म्हाताऱ्या बाईला भेटायचे नाही. नाहीतर करार नव्याने होणार नाही. करार नाही तर व्हिसा नाही, व्हिसा नाही तर तंजावूर नाही, आणि तंजावूर नाही तर ती माडीही नाही. माडीवर परत येण्याचा एकच रस्ता होता, तो म्हणजे माडी सोडणे. तिने सामान बांधले. अक्काला सांगितले, की शाळेत काम वाढले आहे.

"हें घर तुज कमी पडलं कां गे?" अक्काने विचारले. लीलाने पिशवी उचलली.

त्यानंतर आम्ही अधूनमधून पापनाशमच्या बसस्टँडजवळच्या हॉटेलात भेटत असू. शाळेतले कोणी तिकडे येत नसे. ती कोटात असे. अक्काचा गुडघा कसा आहे, पोथी कोणी वाचते का, हे दोन प्रश्न ठरलेले. खरे कारण अक्काला सांगू दे, असे मी म्हटले, तर तिने स्पष्ट नकार दिला. "कळले तर अक्का पुन्हा शाळेत येतील. आणि या वेळी गल्लीतल्या सगळ्या बायका घेऊन येतील. लाडवांसह." ती हसली, आणि मग हसू तसेच ठेवून म्हणाली, "त्या बाईने आयुष्यात माझ्यासाठी जे सर्वात चांगले केले, ते त्यांना वाईट होते म्हणून सांगू?... कार्ड आले की मीच जाईन." इकडे अक्का गल्लीत सांगत असे, की मोठ्या शाळेत राहायला गेली, आम्हांला विसरली. सणाला लीलाच्या नावाचे पान मात्र वाढले जाई आणि नंतर गाईला घातले जाई.

कार्ड आले नाही. शाळेच्या जेवणघरात एके दुपारी ती कोसळली. मेंदूत रक्तस्राव, असे डॉक्टरांनी सांगितले. शुद्धीवर न येता गेली. परदेशी नागरिक म्हणून उच्चायुक्तालयाच्या संमतीसाठी देह दोन दिवस शवागारात थांबला. भावाने फ्रान्समधून फोनवर परवानगी दिली. त्या दोन्ही दिवशी अक्का बाहेरच्या बाकावर बसून होती. कोण लागता, असे विचारले की म्हणे, "सगळी लागतों."

दिवस झाल्यावर अक्काने लीलाचे सामान आणायला मला बरोबर घेतले. खोली आवाराच्या टोकाला, मागे भातशेत आणि पाण्याचा कालवा. वॉचमनने कुलूप काढले. आत एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत, खिडकीच्या गजापासून कपाटाच्या मुठीपर्यंत, नायलॉनची दोरी बांधलेली होती आणि तिच्यावर चार सुती साड्या दुमडून घातलेल्या होत्या. खाली फरशीवर पाणी गळून गळून निळसर, तांबूस डाग पडले होते. खिडकीच्या काचांना आतून वर्तमानपत्र चिकटवले होते. बाहेर एवढे ऊन असताना साड्या आत कशाला वाळवायच्या, असे अक्काने विचारले.

"बाहेर घालायला परवानगी नव्हती, अम्मा," वॉचमन तमिळमध्ये म्हणाला. "संध्याकाळी मॅडम दार लावून साडी नेसायच्या. बाहेर यायचं असलं की पुन्हा बदलायच्या. पूर्वी असं नव्हतं, पूर्वी त्या गावात राहायच्या. मग कोण ती म्हातारी येऊन सगळ्यांपुढे 'ही आमचीच पोर' म्हणून ओरडून गेली ना... तेव्हापासून."

त्याने अक्काला ओळखले नव्हते. अक्का खाटेवर बसली. तिने माझ्याकडे पाहिले, मी होकारार्थी मान हलवली. मग उठून तिने साड्या काढल्या, एकेक करून घडी घातली, आणि दोरीच्या गाठी सुटेनात तेव्हा दातांनी सोडवल्या.

ती दोरी आता अक्काच्या घरापुढे आहे, रस्त्याच्या बाजूला, दोन खांबांना ताणून बांधलेली. चारही साड्या अक्का पाळीपाळीने धुते आणि उन्हात पसरून घालते. एवढ्या साड्या कोणाच्या, असे जाणारे-येणारे विचारतात. परवा मी ओसरीवर बसलो असताना शेजारच्या गल्लीतल्या एकीने विचारले. अक्काने साडीचा काठ सरळ केला.

"ती शाळेंत परदेशी टीचर होती ना," ती म्हणाली, "तिच्या."

आणि रिकामी बादली घेऊन आत गेली.