अण्णांच्या गाडीचं अर्थिंग

आमच्या गॅरेजात किस्से कुणी मुद्दाम सांगत नाही. बॉनेट उघडं असतं, एकाचा हात आत अडकलेला असतो, दुसरा टॉर्च धरून उभा असतो आणि दोघांच्याही तोंडाला काही काम नसतं. मग बोलणं निघतं. सहा महिन्यांत इतके किस्से साठलेत की काही आता लिहूनच ठेवते, नाहीतर उस्ताद सांगताना त्यात मीठमसाला घालतील. तसा तो घालायला सुरुवात झालीच आहे!

उस्ताद म्हणजे रशीद उस्ताद. लोहाऱ्याहून माकणीकडे जाताना डाव्या हाताला पत्र्याचं शेड लागतं, ते त्यांचं. चाळीस वर्षं गाड्यांच्या वायरिंगचं काम. मी विलायतेत जाऊन हेच शिकले, तिथं दोन वर्षं नोकरी केली आणि परत आले. गाडीचं जरा अवघड काम निघालं की ती ट्रकवर चढवून पुण्याला धाडायची, ही आपल्याकडची रीत मला कधीच पटली नाही. हात इथंही आहेत, डोकी इथंही आहेत. उस्तादांना हे सगळं तावातावानं सांगितलं आणि मला ठेवून घ्या म्हटलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"स्टूल एकच हाय बेटा," ते म्हणाले. "वाटून बसू."

हे सगळे किस्से एकाच गाडीचे. माकणीच्या मलप्पा अण्णांच्या वडिलांनी घेतलेली, सत्तर वर्षांची, गोल दिव्यांची विलायती मोटार. मनात आलं तर सुरू व्हायची, नाहीतर नुसतं 'टक' करून गप्प. पुण्यातल्या एका हॉटेलवाल्याला ती दारात शोभेला हवी होती. चाकं काढून, चौथऱ्यावर! अण्णांचा मुलगा शरण पुण्यातच नोकरीला. त्यानं अट घातली: मी आलो की लागोपाठ तीन सकाळी गाडी ढकलल्याशिवाय सुरू झाली तर राहू दे, नाहीतर ती जाईल. अण्णांनी मान हलवली. नाही म्हणाले नाहीत, पण त्या दिवसापासून त्यांची एक भाकरी कमी झाली, असं त्यांच्या पत्नी गंगाक्का सांगत होत्या.

*

गाडी गॅरेजात आली त्याच दिवशी मी अकलेचे तारे तोडले.

हल्लीच्या गाडीत बॅटरीचं मायनस बॉडीला जोडतात. करंट वायरनं दिव्यापर्यंत जातो आणि बॉडीच्या लोखंडातून परत येतो. यालाच अर्थिंग म्हणायचं. उस्तादांनी नवी बॅटरी ठेवली आणि जोडलं काय, तर प्लस! मी ओरडलेच. उस्तादांनी माझ्याकडे पाहिलं, पाना माझ्या हातात दिला आणि बाजूला झाले.

मी उत्साहानं दोन्ही टोकं बदलली. बदलताना एक छोटंसं भाषणही झालं, की सवयीनं काम करू नये, समजून करावं.

"आता दिवे लावा," उस्ताद म्हणाले.

इंजिन बंदच होतं. मी दिवे लावले. डॅशबोर्डवर एक काटा असतो, बॅटरी खाली होतेय की भरतेय ते दाखवणारा. तो हलला आणि 'भरतेय'च्या बाजूला जाऊन थांबला.

उस्तादांनी काट्यावरची काच बोटानं पुसली. मग म्हणाले, "बेटा, ह्या गाडीचे दिवे लावले की बॅटरी भरते. हे तुमच्या कालिजात कळवा."

त्या काळच्या विलायती गाड्यांत प्लसच बॉडीला जोडायचे. मी ज्या देशात शिकले, त्याच देशातली गाडी! ते प्रकरण माझ्या पुस्तकात होतं. जुनं म्हणून मी ते वाचलं नव्हतं.

*

जोडणी पुन्हा होती तशी केली, तरी 'टक' गेलं नाही. मीटर लावून पाहिलं तर दोष अण्णांच्या मायेत निघाला. मागच्या वर्षी त्यांनी इंजिन उतरवून सगळ्या गाडीला रंग दिला होता. वरून दिला, खालून दिला, सांगाड्याला म्हणजे चासीला दिला. जिथं बॅटरीची अर्थिंगची पट्टी लोखंडाला चिकटायला हवी, तिथंही तीन हात दिले. पट्टी लोखंडावर नव्हतीच, रंगावर बसली होती.

तिथला रंग खरवडावा लागेल म्हटल्यावर अण्णांचा चेहरा उतरला. "लग्नाला उभ्या राहिलेल्या पोरीचं तोंड खरवडायला निघालात तुमी," ते म्हणाले.

मागच्या सीटखाली आहे, कुणाला दिसणार नाही, असं मी सांगून पाहिलं. बांगडीएवढीच जागा, असंही सांगितलं. शेवटी ते कबूल झाले. उस्तादांनी पॉलिश पेपर हातात घेतला तसे अण्णा बाहेर गेले आणि रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले.

"झालं का?" त्यांनी तिकडूनच विचारलं.

उस्ताद म्हणाले, "अजून हात लावला न्हाई."

"मग सांगता कशाला!"

*

हे सगळं गंगाक्कांना समजावून सांगायची जबाबदारी माझ्यावर आली. त्या गाडीवर त्यांचा जुना राग. "म्या हिच्यात बसले कमी, ढकलली जास्त," असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या.

मी ओट्यावर बसून सांगितलं, की करंट बॅटरीतून निघतो तो बरोबर निघतो. परत यायची वाट बंद झाली की काम अडतं. जाणं-येणं दोन्ही झालं तरच गाडी चालते. मला हे सोपं करून सांगता आलं म्हणून मी खुशीत होते.

गंगाक्कांनी शेंगा फोडता फोडता आत अण्णांकडे बघितलं. "कळलं की. ह्यांचं तेच हाय. घरातून निघतात बरोबर. पारावर गेले की परतीची वाट बंद."

*

गाडी अण्णांच्या दारात नेऊन ठेवली. दुसऱ्या सकाळी ती परत 'टक' करून गप्प झाली, पण दोन दिवस आम्ही दुसऱ्या कामात होतो. तेवढ्यात अण्णांना धीर निघेना. त्यांनी बाळासाहेबांना बोलावलं. बाळासाहेब ईट गावचे, शेतातल्या मोटारी बसवण्यात हुशार माणूस, आणि त्यांची सासुरवाडी माकणी. म्हणजे गावचे जावई!

अर्थिंग नीट नाही एवढं त्यांच्या कानावर गेलं. विहिरीवरच्या मोटारीला करतात तसं त्यांनी करायला घेतलं. गाडीशेजारी कमरेएवढा खड्डा खणला, त्यात तांब्याची पट्टी उभी केली, वर कोळसा, मीठ, परत कोळसा, पाणी. तिथून जाड वायर आणून गाडीच्या बंपरला आवळली. काम इतकं सुबक, की मला फोटो काढावासा वाटला.

गावातल्या निम्म्या लोकांना कळत होतं की काहीतरी चुकतंय. पण जावयाला थांबवायचं कुणी?

आम्ही पोचलो तेव्हा बाळासाहेब हात धूत होते. उस्तादांनी खड्ड्याभोवती एक फेरी मारली, वायर कुठून कुठं गेलीय ते बघितलं आणि अदबीनं विचारलं, "जावईबापू, काम एक नंबर झालंय. फक्त एक सांगा. गाडी बाजारला न्यायची तर खड्डा संगं न्यायचा का?"

बाळासाहेब हसले, आणि हसताना लाजलेही. पण काम वाया गेलं नाही. आमच्या शेडातला ग्राइंडर कितीतरी वर्षं हाताला झटके द्यायचा. ती पट्टी आणि उरलेलं मीठ-कोळसा घेऊन बाळासाहेबांनी दुसऱ्या दिवशी आमच्या शेडामागं तसाच खड्डा केला. तेव्हापासून झटका नाही. मी म्हणते ते हेच: माणसाला येत असतं, फक्त त्याला बरोबरच्या खड्ड्यापाशी नेऊन उभं करावं लागतं.

*

आता जो किस्सा सांगते, त्यात माझी दुसऱ्यांदा फजिती झाली.

खड्ड्याचं प्रकरण मिटल्यावर आम्ही पट्टी पुन्हा लखलखीत केली, बोल्ट आवळला, गाडी एका झटक्यात सुरू. दुसऱ्या दिवशी सकाळी 'टक'. पट्टी काढली, घासली, परत सुरू. तिसऱ्या दिवशी 'टक'. असं चार दिवस! शरण यायला आठवडा राहिलेला.

उस्तादांना उंदरांचा संशय. मी वहीत रोजचं व्होल्टेज लिहून आलेख काढला. पाचव्या दिवशी पट्टी काढली तर खाली पांढरट भुकटी. मला आनंदच झाला. बॅटरीच्या वाफेनं धातूवर असा थर येतो. हे ऑक्सिडेशन आहे, इथल्या हवेत ते जलद होत असणार, यावर अभ्यास व्हायला हवा, असं मी बोलत सुटले.

उस्तादांनी ती भुकटी बोटावर घेतली. नाकाशी नेली.

"बेटा, ह्या ऑक्सिडेशनला कापराचा वास येतोय."

अण्णा रोज संध्याकाळी पूजा झाली की मागची सीट उचलायचे, बोल्ट ढिला करायचे, पट्टीखाली चिमूटभर विभूती टाकायचे आणि पुन्हा आवळायचे. दुकानाचा तराजू असो, दाराचं बिजागर असो, नवा जोड विभूतीशिवाय आवळायचा नाही ही त्यांच्या घरातली पद्धत. लिंगाची पूजा करणारं घर. जे जोडायचं ते देवाच्या साक्षीनं.

"नुसत्या लोखंडावर भरवसा ठेवायचा कसा?" अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज इतका खाली गेला होता की मी आलेखाची वही मिटून टाकली.

तोडगा उस्तादांनी काढला. आधी आवळायचं, मग वरून लावायची. "आतलं काम लोखंडाला करू द्या अण्णा. देव वरूनच बघतो की."

*

शरण शुक्रवारी आला. शनिवारी सकाळी गाडी सुरू झाली. जरा रेंगाळली, पण झाली. अण्णा स्वतः चालवत गावाजवळच्या धरणाच्या भिंतीपर्यंत जाऊन आले आणि उतरताना दार दोनदा लावलं, आवाज बरा येतो म्हणून. रविवारीही झाली. स्टार्टर कण्हला तेव्हा उस्तादांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे.

सोमवारी अंगणात शेजारीपाजारी जमले होते. हॉटेलवाल्याचा ट्रक येणारच होता. रिकामा परत जातो की भरून, एवढंच ठरायचं होतं. शरण पुण्याच्या कपड्यांतच स्टिअरिंगवर बसला. चोकचा, तारेनं थेट इंजिनाला जोडलेला दांडा ओढून धरला, स्टार्टर दाबला.

गाडी कण्हली. अर्धा फेरा घेतल्यासारखी झाली आणि थांबली. रबर जळल्याचा वास आला. शरणनं चोकवरचा हात झटकन मागं घेतला.

अण्णा ओट्यावरून उठले, खांद्यावरच्या उपरण्यानं एक दिवा पुसला, मग दुसरा. "बिडु," ते म्हणाले. कानडीत. राहू दे, सोड. मनातलं काही दुखलं की ते कानडीवर जातात.

सहा महिन्यांचं माझं सगळं बोलणं त्या अंगणात उघडं पडलं होतं.

शरण अजून आतच बसलेला. बोटांवर फुंकर घालत त्यानं विचारलं, "ताई, चोकच्या तारेत करंट असतो का?"

"नसतो," मी म्हटलं.

"मग ती तापली कशी?"

उस्ताद होते तिथंच उकिडवे बसले आणि त्यांनी कपाळावर हात मारून घेतला.

इंजिन रबराच्या गाद्यांवर बसलेलं असतं आणि रबरातून करंट जात नाही. त्याला चासीशी जोडणारी वेगळी जाळीची पट्टी लागते. रंगासाठी इंजिन उतरवलं तेव्हा ती काढली होती, ती परत कुणी लावलीच नव्हती. आम्ही महिनाभर मागची पट्टी घासत बसलो. करंट बिचारा सुतळीएवढ्या चोकच्या तारेतून कसाबसा घरी येत होता. मीटर माझ्या हातात, चाळीस वर्षं उस्तादांच्या हातात, आणि सापडलं ते बोट भाजलेल्या माणसाला.

मी हे सांगून संपवेपर्यंत शरण गाडीतून उतरला होता. त्यानं घड्याळ काढून अण्णांच्या हातावर ठेवलं, फोन बॉनेटवर ठेवला, बाह्या वर केल्या.

"उस्ताद, पट्टी आहे का?"

उस्तादांकडे ट्रॅक्टरची जुनी पट्टी होती.

"पाना द्या. नको, मीच लावतो."

आणि तो त्या कपड्यांनिशी मातीत पाठ टेकून आत सरकला. बाहेर नुसते बूट दिसत होते. अण्णा गाडीच्या बाजूला वाकले, मग खाली बसले, मग तेही आडवे झाले. आतून दोघांचं काहीतरी हळू आवाजात कानडीतलं बोलणं ऐकू येत होतं.

बॉनेटवर फोन वाजला. हॉटेलवाले. ट्रक लोहाऱ्यात पोचला होता. मी फोनकडे बघितलं, उस्तादांनी आभाळाकडे. गंगाक्का पदराला हात पुसत आल्या आणि त्यांनी तो उचलला.

"शरण? तो गाडीखाली हाय."

पलीकडून कुणीतरी घाबरून मोठ्यानं काहीतरी विचारलं.

"न्हाई न्हाई," गंगाक्का म्हणाल्या, "लागलं-बिगलं काय न्हाई. लई वर्षांनी बरा दिसतोय."