रत्नप्रभाची फुंकर

रत्नप्रभा धुरीची छाती दांडगी, असं भांडुपची ती अख्खी चाळ म्हणायची. नळावरून तिने हाक मारली की टेकडीवरच्या शेवटच्या खोलीतली माणसं दार उघडून बघायची. देवगडकडे तिच्या माहेरी मोठं खटलं होतं आणि पावसाळ्यात ओली लाकडं पेटवायचं काम धाकट्या मुलीकडे, म्हणजे हिच्याकडे. फुंकणी लावून तिने लहानपणी चुलीत जेवढी हवा घातली, तेवढ्या हवेवर एखादं गलबत सहज मुंबईला लागलं असतं. ती फुंकर पुढे कुठल्या कामी येणार आहे, हे मात्र कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

तिचा नवरा सीताराम गिरणीत साचेवाला. संप झाला, गिरणी पुन्हा उघडलीच नाही, आणि तो घरी आला तो छातीत कापसाची धूळ घेऊनच. टेकडी चढताना दोनदा बसायचा. हात मात्र शाबूत होते आणि रिकामे हात माणसाला खातात. एके दिवशी त्याने देवदाराची एक फळी घेतली आणि ज्या बोटीतून दोघं लग्नानंतर मुंबईला आली होती ती बोट कोरायला घेतली. खऱ्या बोटीचे शंभर हात म्हणजे इथला एक हात, असं माप. जिने, कठडे, धुरांडं, सगळं त्याच मापात. शेजारचा नंदू मढला शूटिंगच्या बंगल्यांवर सुतारकाम करायचा. तो ती बोट बघून म्हणाला, "काका, झकास! सिनेमावाले खऱ्या बोटी बुडवत नाहीत, असल्याच बुडवतात. मी विचारतो." त्याने विचारलं आणि कामं येऊ लागली.

अडलं ते रंगाशी. लोखंडाच्या बोटीवर ब्रशाचे ओरखडे कुणी बघितलेत? आणि एकास शंभरच्या मापात ब्रशाची एकेक रेघ दोरखंडाएवढी दिसते. मग नंदूनेच कुणा चित्रकाराकडून तोंडाने फुंकायची पत्र्याची नळी आणून दिली. तिचे काटकोनात जोडलेले दोन तुकडे, उभा रंगाच्या बाटलीत, आडवा तोंडात. फुंकलं की रंग वर चढतो आणि तुषार होऊन उडतो. सीतारामने फुंकलं. रंग आला थेंबभर आणि खोकला आला घरभर. रत्नप्रभाने नळी त्याच्या हातातून ओढून घेतली, पदराने पुसली आणि अशी एक लांब, सरळ, न तुटणारी फुंकर मारली की सीताराम खोकायचाच विसरला.

तेव्हापासून त्यांची रीतच ठरली. सायकलच्या बेअरिंगवर बसवलेल्या पाटावर बोट ठेवायची, सीतारामने पाट हळूहळू फिरवायचा आणि रत्नप्रभाने फुंकायचं. थिनरचा वास डोळ्यांत असा जाई की ती डोळे घट्ट मिटून घ्यायची. म्हणून खूण टकटकीची. टेबलावर एकदा टकटक झाली की फुंकर सुरू, दोनदा झाली की बंद. ती डोळे उघडायची तेव्हा रंग बसून गेलेला असायचा.

खरं सांगायचं तर तिला त्या नळीपेक्षा ते टेबल प्यारं होतं. लग्नानंतरची सगळी वर्षं नवरा पाळीवर आणि ती खोलीत. दिवसपाळीला तो अंधारात जायचा, रातपाळीला दिवसा झोपायचा. दोघांनी मिळून एक काम करावं असा प्रसंगच कधी आला नव्हता. आता त्या टेबलाशी त्याला तिच्यावाचून एक वीतही पुढे सरकता येत नव्हतं, आणि हे सुख तिने कुणाजवळ बोलून दाखवलं नव्हतं.

मग तिलाच खोकला सुरू झाला. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी छाती तपासली, सगळी हकिगत ऐकली आणि त्या भडकल्या. "एकाची छाती गिरणीने खाल्ली, दुसरीची तुम्ही घरात बसून खाताय? ती नळी आजच्या आज फेकून द्या!"

 घरी आल्यावर सीतारामने नळी धुतली आणि फळीवर पार वर ठेवून दिली. "आता मशीन घेवया," तो म्हणाला. बाई म्हणून जी काही हुशारी होती ती सगळी दुःख लपवायला पणाला लावून रत्नप्रभा नुसती "बरां" म्हणाली. आणि त्या दुपारी तिने घरातली स्वच्छ भांडी पुन्हा घासून काढली. आपला उपयोग आता कशात, हा प्रश्न तिला सुटत नव्हता. यंत्राला काही खोकला होत नाही.

अंधेरीला विद्याधर म्हणून एक कारागीर होता. फोटो स्टुडिओंचे पडदे हवेने रंग फवारणाऱ्या एअरब्रशने रंगवायचा आणि जुनी यंत्रं दुरुस्त करून विकायचाही. नंदूने पत्ता दिला आणि रविवारी दोघं त्याच्या गाळ्यात हजर झाली. एअरब्रश हातात घेतल्यावर सीतारामचा चेहरा देव्हाऱ्यापुढे व्हावा तसा झाला. फाउंटनपेनाएवढी चीज, वर रंगाची इवलीशी वाटी, आत एक बारीकशी सुई. विद्याधरने दोन प्रकार दाखवले. एकात खटका दाबला की रंग ठरल्याएवढाच येणार. दुसऱ्यात खटका दाबला की हवा आणि मागे ओढला की रंग, ओढाल तेवढा. विद्याधरने दुसरा घेतला आणि कागदावर केसासारखी रेघ काढली. काढता काढता ती रुंद करत नेली, आणि शेवटी तिचा नुसता धूर करून सोडला.

"देवा म्हाराजा!" सीताराम म्हणाला. ब्रश तिथेच ठरला.

राहिला त्याला हवा पुरवणारा कंप्रेसर. पहिला गॅरेजमधला, चालू केला तेव्हा गाळ्याचं शटर थरथरलं. चाळीने दोघांना बाहेर काढलं असतं. दुसरा नवाकोरा, टोस्टरएवढा, निळ्या रंगाचा, उचलायला हलका. तिसरा म्हणजे विद्याधरने स्वतः जुळवलेला अवतार. भंगारातल्या फ्रिजचा काळा गोळा, आग विझवायच्या नळकांड्याची टाकी, आणि हवेतलं पाणी अडवायला काचेची एक वाटी. दिसायला अगदी ध्यान.

सीतारामचं मन निळ्यावर बसलं. नवं कोरं, त्यात देखणं. गिरणीतल्या माणसाला नव्या यंत्राचं फार. तो त्याच्याभोवती फिरू लागला तेव्हा रत्नप्रभाने सहज आपला गाल त्याला जोडलेल्या ब्रशच्या तोंडापुढे धरला. निळ्याची हवा गालाला लागली आणि तिला कळलं. हवा सरळ येत नव्हती. फुट, फुट, फुट अशी तुटत येत होती. या हवेने रंग डाग टाकत बसणार. चार दिवसांनी हे यंत्र कोपऱ्यात जाणार आणि फळीवरची नळी खाली येणार.

तिला फक्त गप्प बसायचं होतं. बाकी सगळं आपोआप झालं असतं.

तिने नवऱ्याकडे बघितलं. तो निळ्या यंत्रावरची धूळ रुमालाने पुसत होता, अजून घेतलंही नव्हतं तरी. मग ती तिसऱ्याकडे गेली, गाल पुढे केला आणि तशीच उभी राहिली. टाकीतून येणारी हवा एकसारखी लागत होती, लांब आणि शांत. तिच्या स्वतःच्या फुंकरीसारखी.  आपण दमतो, हे दमणार नाही, एवढाच फरक होता.

"हा द्या," ती विद्याधरला म्हणाली.  "त्या निळ्याला उचकी लागते. मी अशी फुंकर मारली असती तर ह्यांनी मला किती ऐकवलं असतं!"

विद्याधर हसला. "वहिनी, खरं बोललात. निळ्याला टाकीच नाही. मी सांगणारच होतो, पण यांचं प्रेम जडलेलं दिसलं."

यंत्र घरी आलं, चालू झालं आणि गुरगुरू लागलं. लगेच शेजारची चंपा दारात. "फ्रिज घेतलास आणि सांगितलं नाहीस ना? चल, थंड पाणी दे!" तिला घालवता घालवता पुरेवाट झाली.

मग सीताराम टेबलाशी बसला. पाटावर तीच बोट होती, दोघांची. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या बोटी रंगवताना ही लाकडाचीच राहिली होती. रत्नप्रभा सवयीने आपल्या जागेवर बसली, आणि कशाला बसलो म्हणून पुन्हा उठू लागली, तेवढ्यात टेबलावर एकदा टकटक झाली. तिने डोळे मिटले आणि छाती भरून घेतली. मग तिच्या लक्षात आलं की पुढे काहीच करायचं नाहीये. भरलेली छाती तशीच राहिली.

"डोळे उघड गो," सीताराम म्हणाला.

तिने उघडले. तोंड आता रंगापासून लांब होतं आणि उघड्या खिडकीतून वास निघून जात होता, डोळ्यांना काही झोंबलं नाही. ब्रशच्या तोंडातून काही येताना दिसतच नव्हतं, आणि तरी बोटीच्या अंगावर काळा रंग उमटत होता. सकाळी माहेरी घरामागच्या परड्यातल्या पानांवर दव दिसतं पण पडताना दिसत नाही, तसा. फळीचे रेषे एकेक करून बुजले. जोड बुजले. लाकूड गेलं आणि बघता बघता तिथे लोखंड आलं. तिला पुढ्यात बंदराचा धक्का दिसला, धुरांडं दिसलं, कठड्याला धरून उभी असलेली नवी नवरी दिसली. तिचा हात आपसूक गळ्यातल्या मण्यांवर गेला. असलं काही या खोलीत होत होतं, आणि रोज होत होतं!

"ह्यां मी करी होतंय?" तिने विचारलं.

"तूच करी होतस. मी नुसतो बघी होतंय."  "रोज मी एकट्यान बघलंय. वाईट वाटायचा माका."

मग त्याने ब्रश तिच्या हातात दिला, बोटं नीट खटक्यावर बसवली आणि स्वतः पाट फिरवायला पलीकडे जाऊन बसला. टेबलावर एकदा टकटक झाली. रत्नप्रभाने डोळे न मिटता खटका दाबला.