आत्यानं निवडलेली हिवाळ्यातली वाइन

तुरीच्या शेंगा तोडून मी रानातून परतले, तर अंगणात आत्या बसलेली आणि तिच्यापुढं माझ्या तिन्ही बाटल्या. ओटीतल्या शेंगा कधी खाली सांडल्या, मला कळलंही नाही.

साखऱ्याला आमचं घर. आई मी लहान असतानाच गेली, मला वाढवलं ते आत्यानं. नव्वदच्या दशकात गावातल्या बायका दारूविरुद्ध उभ्या राहिल्या, तेव्हा सगळ्यांत पुढं तीच होती. अड्ड्यावरचे डबे तिनं दगडानं फोडले, ते मी सहावीत असताना डोळ्यांनी पाहिलं. समोरून येणारा गडी पिऊन आलाय का, हे ती दहा पावलांवरून सांगायची. आम्ही पंचशील पाळणारी माणसं. आमच्या घरात दारूचा थेंब येणं शक्यच नव्हतं.

आणि मी रसायनशास्त्र शिकून, दोन हजार सालानंतर, नाशिककडच्या एका वायनरीत नोकरीला लागले. घरी सांगितलं, द्राक्षाच्या रसाची कंपनी आहे. वाइन हा शब्द आमच्याकडं कुणी ऐकलेलाच नव्हता, त्यामुळं ते खोटं सहज खपलं. तिथं मला रोज चव घ्यावी लागे. घोट तोंडात फिरवायचा, थुंकायचा, वहीत लिहायचं. पहिल्या दिवशी तर थुंकल्यावरही मला रडू आलं होतं.

त्या डिसेंबरात साहेब म्हणाले, "थंडी पडली की लोक लाल वाइन मागतात, पांढरी पडून राहते. सुट्टीला चालला आहात, तर पांढऱ्यातल्याच या तीन घेऊन जा. घरच्या जेवणाबरोबर बघा आणि हिवाळ्यात कोणती चालेल ते सांगा." मी बाटल्या साडीत गुंडाळून आणल्या. दोन दिवस आत्या शेतात गेली की मी चोरून एकेक बाटली उघडायची, भाकरी-भरताबरोबर घोट घ्यायचा, थुंकायचा, पुन्हा बूच लावायचं. तिसऱ्या दिवशी शाल शोधताना तिनं माझी पिशवी उघडली.

"हे काय हाय?" आत्यानं विचारलं.

"रस."

"रसाला लाकडाचं बूच काहून? मी वास घेतला, पोरी. दारू हाय ही."

मी एकदम सगळं सांगून टाकलं, नोकरीपासून साहेबांच्या कामापर्यंत. आता थोबाडीत बसणार म्हणून मी डोळे मिटले.

"तू पितीस?"

"न्हाई आत्या. थुंकते."

"मंग तुला कळतं काय?"

"जास्त तर वासावरूनच कळतं."

ती उठली, आतून तीन वाट्या घेऊन आली आणि तिन्हींत थोडी थोडी ओतली. मी बघतच राहिले. डबे फोडणारी माझी आत्या वाइनच्या वाटीत नाक घालून बसली होती! पहिली हुंगून ती म्हणाली, "ही कच्च्या पेरूवानी. उन्हाळ्यात बरी, थंडीत दात आंबतील." दुसरी हुंगली. "ही नुसती गोड." तिसरीपाशी ती बराच वेळ थांबली. "हिला लाकडाचा वास हाय. भाजलेल्या शेंगदाण्यावानी. भरताबरोबर हीच."

दोन दिवस खपून मी वहीत हेच लिहिलं होतं: हलकी, आंबट वाइन थंडीत बोचते, लाकडी पिंपात मुरलेली, चवीला भरगच्च अशी निवडावी, आणि ती बर्फासारखी गार करू नये. आत्यानं तर जिभेला थेंबही लावला नव्हता.

मग तिनं वाट्यांतलं आणि बाटल्यांतलं, सगळं मोरीत ओतलं.

"वास चांगला हाय. पर या घरात ऱ्हानार न्हाई."

"नोकरी सोडू का?"

"ते तुझं तू ठरव. खोटं मात्र बोलू नको. तकलीफ त्याचीच झाली मला."

दुसऱ्या दिवशी विहारात बायकांची बैठक होती. आत्या उभी राहिली आणि सरळ म्हणाली, "माझी भाची दारूच्या कारखान्यात कामाला हाय. मला काल कळलं. कुणाला काही विचारायचं असंल तर मला विचारा, तिला न्हाई." मी मागं बसले होते, मला तर जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. कुणीच काही विचारलं नाही.

मी साहेबांना तिसरी वाइन सांगितली. त्यांनी हिवाळ्यासाठी तीच ठेवली. निवड कुणाची, हे मी त्यांना सांगितलं नाही.

पुढच्या वर्षी आत्या माझ्याकडं नाशिकला आली, आठ दिवस राहिली. एका सकाळी माझ्याबरोबर वायनरीच्या फाटकापर्यंत चालत आली. मी आत चल म्हणाले. तिनं मानेनंच नको म्हटलं.

"तू जा. तुझं काम कर. मी हितं बसते."

दुपारी मी डबा खायला बाहेर आले, तर ती फाटकाजवळच्या कडुलिंबाखाली बसून रखवालदाराच्या बायकोला विचारत होती, तुझा नवरा पितो का.