अंगठा, सही आणि सरूबाईंचे शेत

एक किस्सा सांगायला घ्यावा, तर त्याच्यामागे दुसरा हात वर करून उभा राहतो. त्याला खाली बसवावे, तोवर तिसरा जागेवरूनच बोलू लागतो. वर्गात हे मी कधी चालू दिले नाही. निवृत्तीनंतर मात्र मैत्रिणी भेटल्या की, तळवड्याच्या शाळेच्या ओसरीवरची ती म्हातारी मंडळी आठवतात आणि शिस्त राहत नाही.

त्या काळी आमच्या भागात कारखाने उभे राहत होते. ज्या जमिनीत बाजरीही धड येत नसे, तिला एकाएकी गिऱ्हाईक आले. सरूबाईंचे विहिरीलगत एक एकर होते. पती निवर्तलेले, मूलबाळ नाही, अक्षरओळख नाही. त्यांच्यापाशी होते ते एवढेच.

एके दुपारी त्या एक कागद घेऊन माझ्याकडे आल्या. ‘‘बाई, साखर कवा मिळंल, तेवढं वाचून सांगा.’’

बाबूराव नावाचा एक एजंट गावात फिरत असे. टेरिलिनचा शर्ट, काखेत बॅग, तोंडात ‘मावशी, मावशी’. साखरेच्या जादा कोट्याचा अर्ज म्हणून त्याने तो कागद आणला होता. मी वाचला. ते त्या एक एकराच्या विक्रीचे साठेखत होते! अंगठा उमटला नव्हता, कारण त्याच्या पॅडवरची शाई वाळली होती आणि तो शाई आणायला गेला होता.

मी सरूबाईंना सगळे नीट समजावून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग उदास होऊन विचारले, ‘‘म्हंजी साखर न्हाईच व्हय?’’

त्यानंतर दर गुरुवारी शाळा सुटल्यावर मी गावातल्या वृद्धांना ओसरीवर बसवू लागले. गुरुवारी कंपन्यांना सुट्टी असल्यामुळे त्यांना आणून सोडायला घरचे कोणीतरी मोकळे असे. नियम एकच : बाईंनी वाचल्याशिवाय अंगठा द्यायचा नाही.

नियम फारच चांगला पाळला गेला!

सखाराम आबांचा मुलगा आनंदा पिंपरीच्या एका कंपनीत फिटर होता. त्याने आबांना मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात नेले. संमतीचा कागद पुढे येताच आबांनी मूठ आवळली. डॉक्टरांनी समजावले, नर्सने समजावले, मुलगा रडकुंडीला आला. ‘‘आमच्या बाईंस्नी आना,’’ हे एकच उत्तर. शेवटी दवाखान्याची जीप शाळेच्या दारात उभी राहिली. चौथीचा भागाकार अर्धवट सोडून मी गेले आणि तो कागद मोठ्याने वाचला. आबांनी मूठ उघडली.

‘‘आलाच हायसा तर दुसऱ्या डोळ्याचाबी वाचून ठेवा, म्हंजी पुन्यांदा जीप नको.’’

मग मी दुसरा नियम केला : कोणीही ‘सरकारी माणूस’ म्हणून आला, तर त्याचे ओळखपत्र पाहायचे.

पुढच्याच आठवड्यात एक गृहस्थ खाकी पिशवी घेऊन आले. मंडळींनी ओळखपत्र मागितले. ते हातोहात फिरले. वाचता कोणालाच येत नव्हते. सर्वांनी फोटोच तपासला. ‘‘फोटोत टोपी न्हाई, तुमाला हाय.’’ त्यांनी टोपी काढली. ‘‘फोटोत मिशी न्हाई.’’ ती कशी काढणार? त्यांना गावातून परत पाठवण्यात आले. ते मलेरियाचे खरेखुरे कर्मचारी होते!

त्याच दिवशी सायंकाळी आणखी एक जण आला. ‘प्राधिकरणाचा सर्व्हे आहे’ असे सांगून त्याने सरूबाईंकडे चहा घेतला आणि ‘तपासून उद्या आणतो’ म्हणून त्यांचा सातबारा व रेशनकार्ड घेऊन तो निघून गेला. तो उद्या आजवर उगवलेला नाही.

मी संतापले. ‘‘सरूबाई, याचे ओळखपत्र का पाहिले नाहीत?’’

‘‘त्याच्यापाशी कार्डच नव्हतं, बाई. मंग त्यात खोटं काय असनार?’’

आता कागदपत्रे परक्याच्या हाती होती. अंगठा कोणाचाही लावता येईल, म्हणून मी सरूबाईंना सही शिकवायचे ठरवले. महिनाभर पाटीवर, भिंतीवर, पिठाच्या डब्यावर त्यांचा सराव चालला. मग रेशनकार्ड हरवल्याचा अर्ज घेऊन आम्ही तालुक्याला गेलो. सरूबाईंनी पदर सावरून ठसठशीत सही केली.

कारकुनाने जुनी फाईल काढली. ‘‘या कार्डाच्या बाईचा अंगठा आहे. तुम्ही सही करता. तेव्हा ती बाई तुम्ही नव्हे.’’

सरूबाई माझ्याकडे वळल्या. ‘‘शिकले म्हनून मी मी न्हाई राहिले व्हय, बाई?’’

इतक्या वर्षांच्या नोकरीत मला एवढा अवघड प्रश्न कोणी विचारला नव्हता.

आणि मग तो दिवस. गुरुवारच होता. आनंदा कामासाठी नोंदणी कचेरीत गेला होता. तो स्कूटर दामटत परत आला आणि ओसरीवर सरूबाईंना पाहून जागीच थिजला. ‘‘मावशी, तुम्ही इथं? मग तिकडं बाकावर सरूबाई म्हणून कोण बसलीय?’’

आम्ही एका टेंपोत बसून कचेरी गाठली. बाबूरावाशेजारी एक वृद्धा बसली होती. तसेच नऊवारी लुगडे, तशीच कृश, हातात सरूबाईंचे रेशनकार्ड. साहेबांनी दोघींना समोर उभे करून पतीचे नाव विचारले. त्या बाईने ते पाठ केल्यासारखे घडाघडा सांगितले. आमच्या सरूबाईंनी पदर ओढून घेतला आणि मान खाली घातली.

साहेब म्हणाले, ‘‘हिला तर ठाऊकच नाही!’’

दारातला म्हातारा शिपाई खाकरला. ‘‘सायेब, नवऱ्याचं नाव असं भाजीवानी कुनी घेतंय व्हय? जी गप हाय, तीच खरी.’’

साहेबांचा गोंधळ आणखी वाढला. अखेर त्यांनी शेत सरूबाईंच्या नावावर झाले तेव्हाचे अंगठ्यांचे जुने रजिस्टर मागवले आणि दोघींचे ठसे भिंगाखाली धरले. शिपायाचेच खरे ठरले! व्यवहार थांबला. बाबूराव पान खायला म्हणून बाहेर गेला, तो गेलाच.

ती बाई मात्र बाकावरच बसून राहिली. ‘‘माझं कार्ड करून देतो म्हनले. हे नाव पाठ करून घेतलं. आता मला घरी कोन सोडनार?’’

सरूबाईंनी तिच्या हातातून आपले रेशनकार्ड काढून घेतले. क्षणभर तिच्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, ‘‘चल.’’

पुढच्या गुरुवारी दोघी ओसरीवर शेजारी शेजारी बसल्या होत्या. मी वही उघडून नवीन बाईंना नाव विचारले.

‘‘सरूबाई.’’

‘‘अहो, ते पाठ केलेले नको. तुमचे खरे नाव सांगा.’’

‘‘त्येच हाय.’’

मी आमच्या सरूबाईंकडे पाहिले.

‘‘लिवा की, बाई. शेत माझं हाय. नाव काय माझ्या एकटीचं हाय व्हय?’’